ज्या रानातलं गवत, त्या रानाचा बेलर

वापरलेला गोल बेलर, म्हणजे गवताचे गोल गठ्ठे बांधणारं यंत्र, बघायला गेलेला आयोवातला शेतकरी मॉडेलचं साल नंतर विचारतो. आधी विचारतो, गठ्ठे किती झाले? ट्रॅक्टरच्या केबिनमधल्या छोट्या मॉनिटरवर तो आकडा असतो. पाच-सहा हजार म्हणजे यंत्र तरुण, दहा हजार म्हणजे मध्यमवयीन. वीस हजारांच्या पुढे गेलेलं असेल, तर आपण यंत्र घेतोय की दुरुस्तीचं काम विकत घेतोय याचा हिशेब करायचा. मुरलेला माणूस मात्र त्या आकड्यावर फार विसंबत नाही. मॉनिटर बदलला की मोजणी नव्याने सुरू होते. तो यंत्राच्या मागे जातो, दार उघडायला लावतो, आत डोकं घालून पट्ट्यांचे जोड बघतो. रोलर हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐकतो. गवत उचलणाऱ्या पिकअपचे किती दात वाकलेत ते मोजतो.

आणि मग रंगाचा वाद सुरू होतो. पिवळा म्हणजे व्हर्मीर, हिरवा-पिवळा म्हणजे जॉन डिअर, लाल अंगावर पिवळ्या खुणा म्हणजे न्यू हॉलंड, नुसता लाल म्हणजे मॅसी फर्ग्युसन किंवा केस. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत हा वाद घराण्याने चालत येतो. आजोबांचा ट्रॅक्टर हिरवा होता, म्हणून नातवाचा बेलर हिरवा. कोणत्या कंपनीचा बेलर कमी मोडतो आणि कोणाचा गठ्ठा घट्ट, सुबक, पाऊस झेलणारा होतो, हे विचारायला गेलं की प्रत्येक जण ठाम बोलतो आणि दोन माणसांचं एकमत होत नाही. माझं मत असं झालं आहे की हा वाद खोटा नाही, तो अर्ध्यातून सुरू होतो. आधी गवत विचारायला हवं, मग रंग.

एवढी चर्चा एका अवजाराची का, असं वाटेल. कारण उघडीप. गवत कापून रानात पसरलं की ते वाळायला दोन ते चार दिवस लागतात. मे-जूनमध्ये मिझुरी, केंटकीसारख्या राज्यांत एवढी सलग उघडीप मिळणं हे नशीब असतं. चौथ्या दिवशी दुपारी गवत तयार, संध्याकाळी ढग, आणि नेमका तेव्हाच रोलरचा बेअरिंग जातो. नांगर मोडला तर नांगरट उद्यावर जाते. बेलर मोडला तर कापलेलं सगळं गवत भिजतं, पानं गळतात, बुरशी येते, आणि हिवाळाभर गाईंना तेच खावं लागतं. म्हणून वर्षातून मोजके दिवस चालणाऱ्या या यंत्राच्या भरवशावर माणसं ट्रॅक्टरपेक्षा जास्त भांडतात. चांगला नवा बेलर फार महाग असतो, तेही एक कारण आहेच.

गोल गठ्ठ्याची कल्पना बरीच जुनी. नेब्रास्कातल्या सटन गावचे उमो ल्युबेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तसं यंत्र करून पाहिलं होतं. पुढे ॲलिस-चाल्मर्स कंपनीने त्यांच्या कल्पनेचे हक्क घेतले आणि 1947 मध्ये ‘रोटो-बेलर’ बाजारात आणला. त्याचे गठ्ठे लहान, एका माणसाला उचलता येतील असे. म्हणजे उचलणं आलंच. चौकोनी गठ्ठ्यांचंही तेच: जुलैच्या उन्हात ट्रेलरवर एकेक गठ्ठा फेकायला शाळकरी पोरं लागायची, आणि साठच्या दशकात ती पोरं शहराकडे निघाली होती. एम्सच्या आयोवा स्टेट विद्यापीठात प्राध्यापक वेस्ली ब्यूकेली आणि त्यांचे विद्यार्थी व्हर्जिल हॅवरडिंक यांनी त्याच काळात उलटा विचार केला: गठ्ठा इतका मोठा करू की माणसाने त्याला हात लावायचा प्रश्नच येऊ नये. (एम्स मराठी वाचकाला परकं नाही. ‘एक होता कार्व्हर’मधले कार्व्हर शिकले ते इथेच.)

एम्सच्या आग्नेयेला पेला नावाचं गाव आहे, 1847 मध्ये डच लोकांनी वसवलेलं. तिथे गॅरी व्हर्मीर यांचा यंत्रांचा कारखाना 1948 पासून होता. त्यांचा एक शेतकरी मित्र गवताच्या कामाला कंटाळून गुरं विकायच्या गोष्टी करू लागला आणि व्हर्मीर यांनी एकट्या माणसाला हाताळता येईल अशा यंत्राचा ध्यास घेतला. 1971 मध्ये ते यंत्र उभं राहिलं. गठ्ठा जवळजवळ टनभर वजनाचा. ट्रॅक्टरच्या काट्याने उचलायचा, रानातच ठेवायचा, गुरांना तिथेच खाऊ घालायचा. न्यू हॉलंडचा गोल बेलर 1974 मध्ये आला, जॉन डिअरचं ‘500’ मॉडेल 1975 मध्ये. कॅन्ससमधल्या हेस्टन गावची हेस्टन कंपनीही त्याच दशकात उतरली.

म्हणजे या बेलरचा जन्म आयोवातल्या मांसासाठी गुरं पाळणाऱ्या माणसाच्या अडचणीतून झाला. गवत कोरडं, रान मोठं, मजूर नाही, गोठा पुरेसा नाही, गठ्ठा उघड्यावर राहणार. या पाच गोष्टी त्या यंत्राच्या रचनेत आजही दिसतात.

आता आत काय चालतं ते बघू. ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर, चालणारा पिकअप जमिनीवरची गवताची ओळ दातांनी उचलून आत ढकलतो. अमेरिकेतल्या बहुतेक बेलरांत आत रबरी पट्टे असतात. सुरुवातीला पोकळी लहान असते आणि गवत येईल तसे पट्टे ताणत जाऊन पोकळी मोठी होते. वळकटी पहिल्या घडीपासून आवळत न्यावी, तसा गठ्ठा गाभ्यापासून घट्ट होत येतो. हवा तेवढ्या व्यासाला थांबवता येतो, चार फूट किंवा सहा. दुसरी जात युरोपात रुळली. क्लास कंपनीच्या ‘रोलॅन्ट’ने ती 1976 पासून नावारूपाला आणली. यात पोकळीचा आकार ठरलेला आणि भोवती पोलादी रोलर. आत गवत आधी सैल घुसळत राहतं, पोकळी भरली की मग बाहेरून दाबलं जातं. गाभा मऊ, कड टणक. व्यास एकच, साधारण सव्वा मीटर.

कोणता चांगला? उघड्यावर कोरडं गवत ठेवायचं असेल तर पट्ट्यांचा. त्याचं कारण भूमितीत आहे. पाच फूट व्यासाच्या गठ्ठ्याचा बाहेरचा फक्त सहा इंचांचा थर धरला, तरी त्यात एकूण गवताचा 36 टक्के भाग असतो. चार फुटी गठ्ठ्यात तोच थर जवळजवळ 44 टक्के, सहा फुटीत सुमारे 31. पावसाने वरचे सहा इंच कुजले तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गवत गेलं. म्हणून गठ्ठा मोठा हवा आणि त्याची कड घट्ट हवी, म्हणजे पाणी आत न मुरता ओघळून जातं. पण घट्टपणाची दुसरी बाजूही आहे. ओलावा अठरा टक्क्यांच्या वर असताना घट्ट गठ्ठा बांधला तर आतली उष्णता बाहेर पडत नाही. गवत तापतं, तपकिरी होतं, त्यातली प्रथिनं गुरांना पचेनाशी होतात. फारच ओलं असेल तर काही आठवड्यांनी गंजी आपोआप पेट घेते. म्हणजे सैल गठ्ठा बांधणारा बेलर ओलं गवत थोडंफार माफ करतो, घट्ट बांधणारा करत नाही. एका शेतकऱ्याने ज्याची तारीफ केली त्याच बेलरला दुसरा शिव्या का घालतो, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

उरलेलं बरंचसं उत्तर ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाकडे. पोकळीच्या रुंदीइतकी गवताची सपाट ओळ आत गेली तर गठ्ठा सरळ होतो. ओळ अरुंद असेल तर कधी डावीकडे, कधी उजवीकडे चालवत दोन्ही बाजू भराव्या लागतात. मॉनिटरवर डाव्या-उजव्या बाजूच्या पट्ट्या त्यासाठीच दिसतात. घाई झाली की गठ्ठा मध्ये फुगतो किंवा एका बाजूने निमुळता होतो, आणि दोष कंपनीच्या माथी जातो. लसूणघासाच्या कोरड्या पानांचं आणखी वेगळं: गठ्ठा आत जितका जास्त वेळ फिरेल तितकी पानं झडतात, आणि बहुतेक पोषण पानांत असतं. म्हणून जाणता माणूस ओळ जाड करतो, ट्रॅक्टर वेगात हाकतो, पीटीओ थोडा मंद ठेवतो. पहाटेच्या दवात काम करणारेही आहेत.

हे सगळं मान्य करूनही कंपन्यांत फरक उरतो, आणि तो सांगायला मला संकोच नाही. व्हर्मीरची ताकद एकाग्रतेत आहे. ही कंपनी ट्रॅक्टर बनवत नाही, त्यामुळे बेलर हा तिच्या शेतीविभागाचा जोडधंदा नाही. आयोवात नोव्हेंबरमध्ये कापणीनंतर मक्याची ताटं गोळा करतात. त्यात माती, खडे, बांबूसारखी टणक खोडं. बेलर झिजवायला याहून वाईट काही नाही. व्हर्मीरने त्यासाठी वेगळं, जाड बांध्याचं मॉडेलच काढलं. ट्रॅक्टरशिवाय स्वतः चालणारा बेलरही तिनेच 2017 मध्ये दाखवला. जॉन डिअरच्या बेलरांची ताकद डीलरांच्या जाळ्यात आणि पुनर्विक्रीच्या किमतीत. आयोवातल्या ओटमवा इथे बनलेलं त्यांचं जुनं ‘567’ मॉडेल अजूनही लोक शोधून घेतात, कारण त्याचा प्रत्येक भाग गावच्या मेकॅनिकला पाठ आहे. न्यू हॉलंडने ‘रोल-बेल्ट’ मालिकेत पुढच्या बाजूला रोलर आणि वर पट्टे असा संकर केला, आखूड निसरड्या पेंढ्याचा गाभा त्यात लवकर धरावा म्हणून. हेस्टनच्या परंपरेतल्या मॅसी फर्ग्युसनमध्ये गवत खालून उभ्या पोकळीत शिरतं, उद्देश तोच.

पण रंगावर डोळे मिटून विसंबू नये, कारण रंगाखाली बऱ्याचदा भावंडं असतात. केस आणि न्यू हॉलंड 1999 पासून एकाच कंपनीत आहेत आणि त्यांचे गोल बेलर एकाच घरचे. हेस्टन 1991 मध्ये ॲग्कोने घेतली, मॅसी फर्ग्युसनही आता तिचीच. क्वेर्नलँड 2012 मध्ये कुबोटाकडे गेली, त्यामुळे कुबोटाच्या नारिंगी बेलरच्या आत क्वेर्नलँडच्या व्हिकॉन ब्रँडचा वंश सापडतो. ब्रँडची तुलना करायला बसलेला माणूस कधी कधी एकाच कारखान्यातल्या दोन रंगांची तुलना करत असतो.

तटस्थ परीक्षा कोणी घेतं का? ट्रॅक्टरची घेतात, आणि तीही याच भागात. मिनिआपोलिसच्या एका कंपनीने हेन्री फोर्डशी काहीही संबंध नसताना ‘फोर्ड’ नावाने ट्रॅक्टर विकले. ते इतके टाकाऊ होते की त्यातला एक विकत घेऊन पस्तावलेले शेतकरी-आमदार विल्मट क्रोझियर यांनी 1919 मध्ये नेब्रास्का राज्यात कायदाच करून घेतला: चाचणी झाल्याशिवाय ट्रॅक्टर विकायचा नाही. लिंकनमधली ती प्रयोगशाळा आजही जगभर मानली जाते. बेलरला असा कायदा नाही. कॅनडाने मात्र एक काम मनापासून केलं. अल्बर्टा, सस्कॅचवान आणि मॅनिटोबा या तीन प्रांतांनी मिळून 1975 मध्ये प्रेअरी ॲग्रिकल्चरल मशिनरी इन्स्टिट्यूट उभी केली. तिने यंत्रं शेतात राबवली आणि अहवाल छापले, त्यांत गोल बेलरही होते. गठ्ठा किती घट्ट झाला, किती पानं गळाली, तासाला किती काम झालं, आणि चाचणीत काय काय मोडलं याची सरळ नोंद. निर्मात्याचं म्हणणंही त्याच अहवालात. असं वाचल्यावर रंगीत माहितीपत्रकं वाचवत नाहीत.

बेलरची सक्तीची चाचणी नसल्यामुळे आजचा शेतकरी शेजाऱ्याच्या अनुभवावर चालतो, आणि तो अनुभव यंत्राइतकाच देखभालीचा असतो. मेकॅनिक लोकांची यादी कंपनीनुसार फारशी बदलत नाही. रोलरच्या टोकाचे बेअरिंग, साखळ्या, पट्ट्यांचे जोड, पिकअपचे दात, नेट गुंडाळणारा भाग. बेअरिंग तापतो, भोवती वाळलेल्या पानांचा चुरा साचलेला असतो, ठिणगी पडते, आणि काही मिनिटांत बेलर जळतो. ट्रॅक्टर सोडवून घ्यायलाही वेळ मिळतोच असं नाही. म्हणून दहा-वीस गठ्ठ्यांनंतर उतरून, पीटीओ बंद करून, बेअरिंगजवळ हात नेऊन पाहणारी माणसं आहेत, आणि तापमान मोजणारी छोटी बंदूक खिशात ठेवणारीही. रोज संध्याकाळी हवेच्या झोताने चुरा उडवून, ग्रीस देऊन ठेवलेला सामान्य बेलर, दुर्लक्षित उत्तम बेलरपेक्षा जास्त टिकतो हे सगळेच सांगतात. सगळेच करतात असं नाही.

आणि डीलर. माझ्या मते विश्वासार्हतेचा सर्वांत मोठा भाग इथे आहे, आणि कोणत्याही तुलनेत तो सर्वांत कमी मोजला जातो. वीस मैलांवर, जूनमधल्या रविवारी दुकान उघडून बेअरिंग हातात देणारा माणूस असेल, तर त्या कंपनीचा बेलर त्या तालुक्यापुरता सर्वांत भरवशाचा. नव्या यंत्रांत सेन्सर आणि संगणक आल्यावर हा प्रश्न आणखी कडवा झाला आहे. दोष शोधायचं सॉफ्टवेअर डीलरकडेच असेल तर गावचा मेकॅनिक हात बांधून उभा. कोलोरॅडो राज्याने 2023 मध्ये शेतकऱ्याला आपलं यंत्र दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा केला. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दुरुस्तीवरच्या बंधनांवरून डिअर कंपनीवर खटला भरला. कंपनीने आरोप नाकारले. जुन्या, सुतळीने बांधणाऱ्या, तारा कमी असलेल्या बेलरांना अजून गिऱ्हाईक का मिळतं, हे यावरून कळावं.

सुतळीवरून जाळीवर आलेला बदलही गठ्ठ्याच्या गुणवत्तेत मोजायला हवा. सुतळीचे वीसेक वेढे घ्यायला ट्रॅक्टर एक-दोन मिनिटं उभा राहतो. नेट दोन-तीन फेऱ्यांत काम संपवतं आणि कडही झाकतं. दिवसाकाठी बरेच जास्त गठ्ठे निघाले तर नवल नाही. पण हिवाळ्यात गोठलेल्या गठ्ठ्यावरून ते प्लास्टिक सोलून काढायचा आळस झाला की गाय ते खाते. नॉर्थ डकोटा राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं आहे की ते पोटात विरघळत नाही, साठत जातं.

आता आयर्लंडला जाऊ, म्हणजे गवताचं म्हणणं नीट कळेल. मेयो परगण्यात पाऊस असा पडतो की गवत वाळवायचा हट्ट बहुतेकांनी सोडला आहे. ते अर्धवट सुकलेलं गवत गुंडाळून प्लास्टिकचे चार-सहा थर चढवतात आणि आत मुरघास होऊ देतात. ओलावा कोरड्या गवतापेक्षा कितीतरी जास्त. आता गणित उलटतं. उघड्यावर पाणी झेलण्याचा प्रश्न उरत नाही, कारण प्लास्टिक आहे. हवा कोंडून राहू नये, गवत सुऱ्यांनी चिरलं जावं, जड ओला लगदा आत अडकू नये, हे महत्त्वाचं ठरतं. ओल्या चिखलट गवतात पट्टे घसरतात. पोलादी रोलर चालत राहतात. त्याच मेयोतल्या बॅलिनरोब गावी मॅकहेल कंपनीने ‘फ्युजन’ बनवला: पुढे गठ्ठा तयार होतो, मागे आधीच्या गठ्ठ्याभोवती कडं फिरून प्लास्टिक गुंडाळतं, एकच ट्रॅक्टर, एकच माणूस. तिथे बेलर बहुधा शेतकऱ्याचा नसून कंत्राटदाराचा असतो. तो एका हंगामात दहा हजार गठ्ठे सहज काढतो, म्हणजे आयोवातल्या शेतकऱ्याचा दहा-पंधरा वर्षांचा आकडा. जड बेअरिंग, आपोआप तेल पाजणाऱ्या नळ्या, जाड पत्रा यांना तिथे पर्याय नाही.

नेब्रास्काच्या सँडहिल्समधल्या रँचवर तो आयरिश बेलर नेला तर मालक विचारेल, एवढं वजन आणि एवढा पैसा कशाला? आणि सँडहिल्सचा सहा फुटी पट्ट्यांचा बेलर मेयोत आणला तर पहिल्याच ओल्या ओळीत त्याचा दम निघेल. दोघांच्याही कंपन्या प्रामाणिक आहेत. क्रोन, कून, क्लास यांच्यासारखे युरोपीय निर्माते दोन्ही जातींचे बेलर करतात, तरी अमेरिकेत त्यांना गिऱ्हाईक मिळतं ते मुख्यतः दुधाच्या धंद्यातल्या, ओलं गवत गुंडाळणाऱ्या शेतकऱ्यांत. हा योगायोग नाही.

आपल्याकडे या यंत्रांचा संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. जॉन डिअरचं मोठं अभियांत्रिकी केंद्र पुण्यात मगरपट्ट्यात आहे, न्यू हॉलंडच्या कंपनीचा कारखाना चाकणला. मराठी इंजिनिअर तिथे दूरच्या रानांसाठी डोकं चालवतात. पण आपल्या रानाला सहा फुटी गठ्ठा नकोच. तो उचलणार कोण, आणि बांधावरून नेणार कुठून? कावेरीच्या खोऱ्यात भाताच्या पेंढ्यासाठी लहान गोल बेलर रुळले आहेत: साधारण दोन फूट व्यास, पंधरा-पंचवीस किलोचा गठ्ठा, मध्यम ट्रॅक्टर पुरतो, डोक्यावर उचलता येतो. महाराष्ट्रात दुधाच्या पट्ट्यात मक्याच्या कुट्टीचे गोल गठ्ठे करून प्लास्टिक गुंडाळणारी यंत्रं जागेवर उभी करून चालवतात आणि तो मुरघास विकला जातो. उसाच्या पाचटाला मात्र आयोवाच्या मक्याच्या ताटांचाच स्वभाव आहे: माती, काड्या, धूळ. ते उचलणाऱ्या यंत्राचं बेअरिंग आणि पिकअपचे दात आधी बघावेत, रंग नंतर.

एक गोष्ट आपल्याकडे बरी आहे. मध्य प्रदेशात बुधनी आणि हरियाणात हिसार इथे केंद्र सरकारच्या शेती यंत्रांच्या चाचणी संस्था आहेत, आणि अनुदानाच्या यादीत यायचं तर यंत्राला चाचणीचा अहवाल लागतो. म्हणजे अनुदानावर विकल्या जाणाऱ्या बेलरचा कागद कुठेतरी असतोच. डीलर तो आपणहून दाखवत नाही, विचारल्यावर हप्त्याचा तक्ता पुढे करतो. हप्ता बाजूला ठेवायला सांगून अहवाल मागावा. कोणत्या पिकात चाचणी झाली ते त्यात पहिल्यांदा बघावं. भाताच्या पेंढ्यात पास झालेलं यंत्र आपल्याला पाचटासाठी दाखवलं जात असेल, तर पुढचा प्रश्न एकच: हंगामात सुटे भाग कुठून येणार, आणि किती दिवसांत?